वाटंवर हाय

आमच्या आत्यांइतक्या मोठ्या आवाजाचं माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत दुसरं झालं नाही, आणि होऊही नये अशी दोन्ही तालुक्यांची मनापासून इच्छा असणार. आत्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. खरं तर कारखान्यात त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. शिवऱ्याजवळ हायवेला लागून आमचा तांदूळ-पोह्यांच्या पॅकिंगचा कारखाना आहे, तिथल्या पॅकिंग विभागाच्या त्या सुपरवायझर. पण मालकापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणायचे, आणि त्याही सगळ्यांना भाचरं समजूनच झापायच्या. त्या हळू आवाजात गुपित सांगायला लागल्या की गोडाऊनमधले हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवून ऐकायचे. एकदा त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन, तोंडाला पदर लावून सांगितलं, "कुणाला बोलू नगंस, मालकाच्या पोरीचं जमलंय." बाहेर वजनकाट्यावर उभ्या असलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं तिथूनच विचारलं, "कुठलं स्थळ हाय, आत्या?" त्यावर आत्या त्याच्यावरच उखडल्या, "चोरून ऐकतोस व्हय रं? लाज न्हाई वाटत?"

त्यांचं घर वेल्ह्याच्या डोंगरात, वर धनगरवाड्यावर. घरी शेरडं, दोन म्हशी आणि न बोलणारा नवरा. न बोलणारा म्हणजे मुका नव्हे. त्याला कधी संधी मिळाली नाही, इतकंच. तिथून डोंगर उतरून, एसटी धरून, नसरापूर फाट्यावर रिक्षा बदलून त्या आमच्या सगळ्यांच्या आधी गेटवर हजर. पिशवीत केस पडू नयेत म्हणून पॅकिंगमध्ये जाळीची टोपी घालावी लागते. ती त्या घरूनच, पदरावरून घालून निघायच्या. एसटीत एकदा नवीन कंडक्टरनं काळजीनं विचारलं, "मावशी, डोक्याचं ऑपरेशन झालंय का?" आत्या म्हणाल्या, "न्हाई, नोकरी लागलीया." तेव्हा त्यांच्या नोकरीला कितीतरी वर्षं उलटून गेली होती, पण सांगण्याचा तोरा पहिल्या दिवसाचा. दुपारी जेवायला बसलं की त्या सगळ्यांचे डबे उघडून बघायच्या. कुणाची आमटी पातळ दिसली की लगेच चौकशी, "सासू गावाला गेली का गं?" आणि गंमत म्हणजे सासू खरंच गावाला गेलेली असायची. भाकरी जरा करपलेली दिसली की त्या बाईला त्या दिवशी आत्या जास्त बोलायच्या नाहीत. आपल्या डब्यातला खेकड्याचा रस्सा मात्र तिच्या डब्यात ओतायच्या, तिला नको असला तरी.

पण आत्यांची खरी ख्याती म्हणजे त्यांची हजेरी. कंपनीनं अंगठ्याचं मशीन बसवलं होतं. सगळे येता-जाता अंगठा लावायचे, पगार त्यावरच निघायचा. आत्यांना ते मशीन मान्यच नव्हतं. "अंगठा आला म्हंजी मानूस आलं व्हय?" असं म्हणून त्या रोज सकाळी लोडिंगच्या कट्ट्यावर चढायच्या आणि समोर पॅकिंगच्या सगळ्या बायाबापड्यांना उभं करून तोंडपाठ नावं पुकारायच्या. ज्याचं नाव येईल त्यानं "हाय" म्हणायचं. मोघम मान हलवली तर पुन्हा पुकारायच्या. आणि जो आला नसेल त्याच्या वतीनं आत्या स्वतःच ओरडायच्या, "वाटंवर हाय!" गैरहजर, रजेवर, आजारी हे शब्द त्यांच्या हजेरीत नव्हतेच. एकदा कुणीतरी म्हणालं, "आत्या, ती बाळंतपणाला माहेरी गेलीय, आता पुढच्या सणाशिवाय येत नाही." आत्या म्हणाल्या, "मंग? माहेराला वाट नसती का?" ही रीत त्यांनी वडिलांकडून घेतली होती. सांजच्याला शेरडं वाडग्यात, म्हणजे काटेरी कुंपणात, आली की वडील मोजायचे, आणि एखादं कमी भरलं तर हरवलं असं कधी म्हणायचे नाहीत. "त्ये वाटंवर हाय" म्हणायचे आणि वाडग्याच्या तोंडाशी लावायची काटेरी फांदी अर्धी उघडी ठेवायचे. आम्ही या सगळ्याला हसायचो. मीही हसायचो, अगदी पोट धरून.

मी त्या पॅकिंगमध्ये सीलिंग मशीनवर होतो. मशीन कंपनीचं, पण मी त्याला माझंच म्हणायचो. त्याचा कोणता पट्टा कधी कुरकुरणार हे मला झोपेतही कळायचं. आणि मग माझी झोपच गेली. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणाशी बिनसलं नव्हतं. आधी जेवण नकोसं झालं, मग बोलणं नकोसं झालं, आणि एका सकाळी मशीनसमोर उभा राहिलो तर हिरवं बटण दाबायला हातच उचलेना. बटण समोर, हात माझा, आणि डोळ्यांना धार लागलेली. मागं पोह्याच्या पिशव्या तुंबल्या, बायका बोलायच्या थांबल्या. आत्या आल्या. त्यांनी बटणाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू बोलल्या की फक्त मलाच ऐकू आलं. "चल, भाईर बसू." पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि लांब रजेवर बसवलं.

मी उत्रोलीचा. आईपुढं मोठा पेच पडला की गावात सांगायचं काय. डोक्याचं काही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत एक वेगळंच बघणं येतं, ते तिला नको होतं. म्हणून तिनं सांगून टाकलं की दत्ताला कावीळ झालीय. झालं! सगळं गाव माझ्या काविळीच्या मागं लागलं. कुणी उसाचा रस आणून द्यायचं, कुणी कुठल्यातरी मुळ्यांची माळ आणून गळ्यात घातली, आणि घरात तेल, तिखट, मीठ सगळं बंद, कारण शेजारणी स्वयंपाकघरात डोकावून जायच्या. रोज एकजण तरी माझी पापणी खाली ओढून म्हणायचा, "पिवळेपना जरा कमी वाटतूय." न झालेल्या काविळीतून मी गावाच्या देखत बरा होत चाललो होतो, आणि झालेला आजार आत तसाच बसला होता.

अशात एका सुट्टीच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. "दत्ताचं घर कंचं वं? डोक्याच्या रजंवर हाय त्यो!" माझ्या आईच्या हातातलं ताटच खाली पडलं. ती धावत बाहेर गेली आणि हात जोडून म्हणाली, "अवो बाई, हळू बोला. कावीळ झालीया त्याला." आत्या जागीच थबकल्या. "कावीळ बी झाली? येका रजंत दोन आजार?" मग आईचं तोंड बघून त्यांना सगळं कळलं, पण कळल्यावर आवाज कमी करायचा असतो हे त्यांना कोण शिकवणार? उंबऱ्यात उभ्या राहून त्या साऱ्या आळीला ऐकवत्या झाल्या, "पायाची रजा असती, पोटाची असती, बाळंतपनाची असती. तशी डोक्याची असती. डोकं काय अंगाच्या भाईर हाय का?" माळ आणून देणाऱ्या काकू हळूच आपल्या घरात गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आत्यांनी आत येऊन पिशवीभर पावट्याच्या शेंगा माझ्यापुढं ओतल्या आणि म्हणाल्या, "सोल." बरं वाटतं का, झोप येते का, काही विचारलं नाही. त्या सोलत होत्या, मी सोलत होतो, आणि पॅकिंगमध्ये कुणाचं कुणाशी वाजलं हे त्या सांगत होत्या. निघताना म्हणाल्या, "तुज्या मशीनवर दुसऱ्या शिफ्टचा गडी लावलाय. पर इस्टूल न्हाई दिलं त्याला. तुजं हाय त्ये. उभा ऱ्हातोय बिचारा." त्या संध्याकाळी आईनं पावट्याची झणझणीत आमटी केली, आणि मी बऱ्याच दिवसांनी मागून घेऊन जेवलो.

हळूहळू मी सावरलो. डॉक्टर म्हणाले, आता कामावर जायला हरकत नाही, फक्त सुरुवातीला अर्धाच दिवस. आमचे पर्सनलचे साहेब भला माणूस. त्यांनी आत्यांना केबिनमध्ये बोलावून नीट समजावलं, की दत्ताला सांभाळून घ्या, जड काम देऊ नका, आणि मुख्य म्हणजे कुणी काही विचारायचं नाही, बोलायचं नाही, गोपनीयता ठेवायची. आत्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि संध्याकाळी घरी जाताना फ्लेक्सच्या दुकानात शिरल्या.

माझं मात्र घरी ठरलेलं होतं. वाटेत किंवा कारखान्यात कुणी एका शब्दानं जरी विचारलं, तरी आल्या पावली मागं फिरायचं आणि नोकरी सोडून द्यायची. त्या सकाळी मी एसटीतून नसरापूर फाट्यावर उतरलो आणि समोर पाहिलं. फाट्यावर नेहमीचे फ्लेक्स होते, कुणाचे वाढदिवस, कुणाच्या निवडी. त्या सगळ्यांच्या मधोमध मी! माझ्या व्हॉट्सॲपवरचा, चुलतभावाच्या लग्नातला फोटो, डोक्याला फेटा, डोळ्याला गॉगल. दुकानदारानं वाढदिवसाचाच नमुना वापरला होता, त्यामुळं माझ्या एका बाजूला केक होता आणि दुसऱ्या बाजूला डरकाळी फोडणारा सिंह. खाली मोठ्या अक्षरांत: "डोक्याच्या आजारातून बरे होऊन कामावर परत येत असल्याबद्दल आमचे लाडके मशीन ऑपरेटर दत्ताभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त पॅकिंग विभाग."   आख्खा तालुका ज्या फाट्यावरून जातो तिथं आत्यांनी मला सिंहासकट टांगलं होतं.

मी तडक रस्ता ओलांडून भोरकडं जाणाऱ्या गाडीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. झालं, संपलं, आता घरी. इतक्यात शिवऱ्याकडं जाणाऱ्या रिक्षाचा एक ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला. एकदा फ्लेक्सकडं बघे, एकदा माझ्याकडं. मग जवळच आला. "तुमीच का वं त्ये, बोर्डावरचं?" आता हा हसणार म्हणून मी मूठ वळली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माजा थोरला भाऊ हाय. घराभाईरच येत न्हाई. भिताडाकडं तोंड करून पडून ऱ्हातोय. आमी त्याला लई देवऋषी केलं, काय फरक न्हाई. तुमी कुठं दाखावलं?" माझी मूठ कधी सुटली मला कळलं नाही. मी त्याला डॉक्टरांचं सांगायला लागलो. गोळ्या लगेच लागू पडत नाहीत, दम धरावा लागतो, तो आळशी नाही, त्याला रागावू नका. तो म्हणाला, "बसा की, बसून सांगा." मी बसलो, सांगत राहिलो, आणि रिक्षा थांबली तेव्हा समोर आमच्या कारखान्याचं गेट होतं.

गेटवर आत्या उभ्याच होत्या, टोपीसकट, कौतुकानं तोंड फुललेलं. "बघितलास का बोर्ड?" त्यांना बघून माझा राग पुन्हा उसळला. मी म्हणालो, "आत्या, सगळ्या तालुक्यात माझी अब्रू घालवलीत तुम्ही!" तेवढ्यात साहेब धावत आले. त्यांनाही कुणीतरी फोटो पाठवला होता. "अहो आत्या, गोपनीयता म्हणजे काय सांगितलं होतं मी?" आत्या दोघांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, पाय मोडला की पिलास्टर दिसतंय. एसटीत मान्सं उठून जागा देत्यात. ह्याचं पिलास्टर कुणाला दिसंना, म्हून म्या बोर्ड लावला." साहेबांनी हातातला फोन खिशात टाकला. पण जे खरं ते मी सांगितलंच. "आत्या, तुमचं सगळं पटतंय. पण मला विचारायचं होतं. माझं होतं ते." आणि आत्या गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. वॉचमन घाबरून पाणी घेऊन आला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "व्हय. चुकलंच माजं. सांजच्याला उतरवते." आणि मग अगदी अवघडून, "हजेरीत नाव घिऊ का न्हाई तुजं?" आत्यांनी कुणाची परवानगी मागावी हा प्रकार नवीनच होता. मी म्हणालो, "घ्या."

त्या कट्ट्यावर चढल्या. मी बायकांच्या मागं, खांबाला टेकून उभा राहिलो. नावं सुरू झाली.  "दत्ता!" आत्यांनी पुकारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत समोरच्या साऱ्या बाया एका सुरात ओरडल्या, "वाटंवर हाय!" क्षणभर कुणालाच काही कळेना. मी तर समोर उभा! मग एकीनं जीभ चावली, दुसरीनं कपाळाला हात लावला आणि सगळा कट्टा हसण्यानं हलायला लागला. त्यांच्या तोंडाला सवयच लागली होती. मी उत्रोलीत भिंतीकडं तोंड करून पडलो होतो, माझं मला वाटत होतं की जगात आपल्या नावाची आता कुणाला गरज नाही, त्या सगळ्या दिवसांत रोज सकाळी इथं माझं नाव निघत होतं, आणि आत्यांच्या बरोबर सगळ्याजणी ते उत्तर देत होत्या. मला हुंदका आला, पण हसूही आलं. आत्यांनी दरडावलं, "गप बसा गं! पुन्यांदा घेते. दत्ता!" मी म्हणालो, "हाय, आत्या. आलोय." तो शब्द मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की वजनकाट्यावरच्या ड्रायव्हरनं वळून पाहिलं.

स्टूल जागेवर होतं. हिरवं बटण पहिल्या दिवशी आत्यांनीच दाबलं आणि म्हणाल्या, "उद्या तू दाब. न्हाई तर परवा." मी तिसऱ्या दिवशी दाबलं. पण पुढंही काही सगळं सुरळीत झालं नाही. बायका माझ्याशी फार गोड बोलायच्या, जपून बोलायच्या, आणि ते गोड बोलणं मला टोचायचं. आत्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी दोघीजणींना बाजूला घेऊन हुकूम सोडला, "त्याच्याशी नीट भांडा." नेहमीप्रमाणं हळू आवाजात, त्यामुळं मला तो स्पष्ट ऐकू आला. त्या बिचाऱ्या पंख्यावरून भांडायला आल्या. एक म्हणाली, "पंखा आमच्याकडं फिरवा," दुसरी ताबडतोब म्हणाली, "नको नको, ऱ्हाऊ द्या, तुमाला उकडंल." आत्या लांबून कपाळ बडवत होत्या. शेवटी मीच खुर्चीवर चढून पंखा त्यांच्याकडं फिरवला आणि दोघींना चार शब्द सुनावले. मग त्यांनीही मला आठ सुनावले. त्या दिवशी मला वाटलं की आपण खरे कामावर आलो.

पुढं स्टोअरमधली एक बाई तशाच रजेवरून परत यायची होती. या वेळी आत्या साहेबांना बरोबर घेऊन आधी तिच्या घरी गेल्या आणि विचारलं, "बोर्ड पायजेल का?" ती म्हणाली, "आत्या, बोर्ड नको, काहीच नको. मी येईन, माझ्या जागेवर बसेन, कुणी बोलू नका." आत्यांनी शब्द दिला आणि पाळला. आठवडाभर त्या स्टोअरच्या दारावरून तोंडात पदर कोंबून जायच्या. चेहरा लालबुंद व्हायचा. आठवड्यानं ती बाईच बाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, बोला आता, नाहीतर तुम्हाला काहीतरी व्हायचं." त्यानंतर आत्या जे बोलायला लागल्या, त्या दिवशी आमचं निम्मं पॅकिंग झालं नाही.

आत्या आता निवृत्त झाल्या आहेत. गुडघे गेले, डोंगर उतरवेना. त्यांच्या जागी मी सुपरवायझर आहे, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. तो रिक्षावाला भेटला की मोठा हात करतो. त्याचा भाऊ आता अंगणात येऊन बसतो, रिक्षा धुतो. मी आत्यांच्या हजेरीतला माणूस आहे, याचा मला मशीनपेक्षा, पगारापेक्षा आणि फेट्यातल्या त्या फोटोपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

परवा मी वर त्यांच्या वाड्यावर गेलो होतो. लांबूनच मला मी दिसलो. शेरडांच्या गोठ्यावर तो फ्लेक्स घट्ट ताणून बांधला होता. मी, गॉगल, केक, सिंह, सगळं शाबूत. "येक थेंब गळत न्हाई," आत्या अभिमानानं म्हणाल्या, आणि मग पलीकडच्या टेपाडावरच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, "ह्यो बगा, माज्या जागंवर हाय ह्यो!" चहा झाला. नवरा नेहमीसारखा गप्प बसला होता. उन्हं उतरली, शेरडं घरी यायला लागली. आत्या वाडग्यापाशी उभ्या राहून मोजत होत्या. मोजता मोजताच, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माजं नाव घेतोस का रं अजून?"

"पहिलं तुमचंच घेतो."

"आन पोरी काय म्हनत्यात?"

"वाटंवर हाय म्हणतात."

 आत्या पदरानं डोळे पुसून पुटपुटल्या, "खोटं बोलाया लावतोस व्हय पोरींना? ह्या गुडघ्यांनी कुठली आलीया वाट."  शेरडं आत गेली होती, म्हणून मी काटेरी फांदी ओढून वाडगं लावायला गेलो.

"लावू नगंस!" आत्या जुन्या आवाजात ओरडल्या. "येक यायचंय. वाटंवर हाय."

मी फांदी अर्धी उघडी सोडली, आणि ते येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.